मास्तरांना रिव्हर्स येत नाही

ताशी दोनशेच्या वेगाने वळणात कसं शिरायचं हे मास्तरांनी बावीस वर्षं लोकांना शिकवलं, आणि बावीस वर्षं ते स्वतः कामाला बसने जात राहिले. यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही, कारण कुणी कधी विचारलंच नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी शिकवणारा माणूस म्हणजे त्याच्या दारात दोन गाड्या असणारच, असं लोक धरून चालतात. मास्तरही त्यांना धरून चालू देत.

खरी गोष्ट अशी, की मास्तरांकडे लायसन्सच नव्हतं. विशीच्या आत ते ट्रॅकच्या वर्कशॉपमध्ये नट आवळायला लागले, तिथेच कुंपणाच्या आत गाडी शिकले आणि पुढे शिकवूही लागले. आतला रस्ता मालकाचा, तिथे ना सिग्नल ना पोलीस. लायसन्स काढू काढू म्हणता राहून गेलं, जसं दुखरा दात दाखवायचं राहून जातं. त्यात लग्न झालं तर बायको निघाली शाळेची व्हॅन चालवणारी. घरात एक ड्रायव्हर असताना दुसरा कशाला, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

ट्रॅकवर मात्र त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता. तिथल्या गाड्या हलक्या, बसक्या, दोन माणसांच्या. त्यांचं सगळं कौतुक त्यांत काय नाही याचं. छप्पर नाही, दारं नाहीत, रेडिओ नाही, पायाखाली साधं रबर नाही. वजन इतकं कमी, की गिऱ्हाईक जेवून आलं असेल तर गाडीला कळावं. जितकं कमी द्यावं तितके लोक जास्त खूष, असा दुसरा धंदा मास्तरांनी पाहिला नव्हता.

गिऱ्हाईक यायचं ते छाती काढून. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी बांधकामवाला, कुणाला ऑफिसातल्या मंडळींनी पन्नाशीची भेट म्हणून धाडलेलं. ‘मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय,’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी. मास्तर मान डोलवत, त्याच्या हेल्मेटचा पट्टा आवळून देत आणि शेजारच्या सीटवर बसत. दुसऱ्या वळणापर्यंत त्या पंधरा वर्षांचं पार पाणी झालेलं असे. मग हेल्मेटमधल्या स्पीकरवर मास्तरांचा आवाज यायचा, तापातल्या माणसाशी बोलावं इतका हळू. “नजर लांब. हे वळण नको, पुढचं बघा. आता ब्रेक. सोडा. हात हलके.” चौथ्या फेरीला तोच माणूस बाहेरच्या कडेवरून आत शिरायचा, आतली कड चाटून पुन्हा बाहेर पडायचा, आणि उतरल्या उतरल्या बायकोला फोन करून सांगायचा, की हे आपल्याला उपजतच येत होतं. मास्तरांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट त्यात त्यांना मजाच वाटे.

असं सगळं छान चाललेलं असताना विमा कंपनीचं पत्र आलं. ट्रॅकवर गाडीत बसणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचं रस्त्यावरचं लायसन्स दोन महिन्यांच्या आत जमा करावं. ज्याचं नसेल त्याला गाडीत बसवू नये, दुसरं काम द्यावं. दुसरं काम म्हणजे गेटवरच्या खोपटीत बसून पास तपासणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजर वयाने लहान, नुकताच रुजू झालेला. त्याने पत्र फळ्यावर लावलं आणि म्हणाला, “नुसती औपचारिकता आहे हो.” मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या खोपटीतून ट्रॅक दिसतही नाही, नुसता ऐकू येतो.

घरी आले तेव्हा बायको व्हॅनच्या सीटखालची पेन्सिलींची टरफलं झाडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मग काढा की लायसन्स. जगाला शिकवता, तुम्हाला काय अवघड आहे?”

हेच मास्तरही दिवसभर स्वतःला सांगत होते.

लेखी परीक्षा झाली. गाडी चालवायच्या परीक्षेला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. रांगेतली बाकीची मंडळी त्यांच्या निम्म्या वयाचीही नव्हती. परीक्षा घेणाऱ्या बाई तरुण होत्या, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद आणि दोरीने बांधलेलं पेन. सरळ रस्ता झाला. वळणावर मास्तरांनी सवयीने रस्त्याची एक कड सोडून दुसरी गाठली, तेव्हा बाई म्हणाल्या, “काका, दुसऱ्यांनाही थोडा ठेवा.” मास्तरांनी तेवढं सावरून घेतलं. मग बाई खाली उतरून बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता गाडी मागे घ्या. त्या दोन खांबांच्या मध्ये लावा.”

आता इथे एक सांगायला हवं. शर्यतीच्या ट्रॅकवर कुणी मागे जात नाही. गाडी गरकन फिरून उलटी उभी राहिली, तरी झेंडेवाला येईपर्यंत जागेवर बसून राहायचं, रिव्हर्स टाकणं हा तिथे मोठा गुन्हा. वर्कशॉपमध्ये गाडी मागे घ्यायची वेळ यायची, पण ती मुळात इतकी हलकी, की इंजिन कोण चालू करतो? एक हात स्टिअरिंगवर ठेवायचा, खांदा लावायचा आणि ढकलायची. मास्तरांच्या गाड्यांना रिव्हर्सचा गिअर होता, पण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखा.

मास्तर आधीच बावरले होते. ‘गाडी मागे घ्या’ हे शब्द कानावर पडले आणि अंगाने आपणहून जे करायचं ते केलं. त्यांनी इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलला आणली, खाली उतरले, एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर ठेवला आणि खांदा लावला. गाडी जड होती, पण मास्तरही कसलेले होते. इंचभर इकडेतिकडे न होता ती दोन खांबांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मास्तरांनी हात झटकले.

“झालं,” ते म्हणाले.

बाईंनी गाडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग कागदाकडे. कागदावर याला रकाना नव्हता.

“गाडी बंद पडली का, काका?”

“नाही.”

“मग उतरलात कशाला?”

“मागे घ्यायची होती ना.”

रांगेत हशा पिकला. मास्तर नापास झाले. पुन्हा यायची तारीख मिळाली ती नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची.

मग बायकोने सूत्रं हातात घेतली. रोज बारा पोरं कोंबलेली व्हॅन ती अरुंद गल्लीतून उलटी बाहेर काढायची. रविवारी सकाळी इमारतीच्या मागच्या अंगणात तिने कचऱ्याचे दोन डबे मांडले आणि मास्तरांना व्हॅनमध्ये बसवलं. हळू आवाजात शिकवण्याची पद्धत तिच्याकडे नव्हती.

“अहो, पुढे काय बघताय? तिकडे कोण उभंय तुमच्यासाठी? मागे बघा.”

“अगं, नजर लांब ठेवली की...”

“लांब नको. डबा जवळ आहे.”

डबा खरोखरच जवळ होता. तो तीनदा आडवा झाला. मास्तरांच्या तळव्यांना घाम सुटला, कान तापले आणि बायकोचं प्रत्येक वाक्य अर्धंच ऐकू येऊ लागलं. त्यांना ते सगळे दातांचे डॉक्टर आणि बांधकामवाले आठवले. बावीस वर्षं आपण ‘हात हलके’ म्हणत आलो, पण भ्यालेल्या माणसाचे हात सांगून हलके होत नाहीत, हे आपल्याला कळलंच नाही, या विचाराने ते ओशाळले. बायकोला तसं म्हणालेही.

“कळलं ना? मग आता क्लच दाबा,” ती म्हणाली.

असे पाच रविवार गेले. ट्रॅकवर मॅनेजर येता-जाता आठवण करी, “मास्तर, तेवढं लायसन्स.” मास्तर म्हणत, “घरी राहिलं.” आयुष्यात फारसं खोटं न बोललेल्या माणसाला हे जड जात होतं. संध्याकाळी बसमधून जाताना गेटवरच्या खोपटीकडे बघायचं ते टाळू लागले.

शेवटच्या दिवशी त्याच बाई होत्या. त्यांनी मास्तरांना लगेच ओळखलं.

“काका, आज उतरायचं नाही.”

मास्तरांनी मान वळवली, मागे पाहिलं, आणि मुंगीच्या पावलाने गाडी मागे घेतली. मागचे उमेदवार कंटाळून जांभया देऊ लागले. गाडी खांबांच्या मध्ये लागली, पण जरा तिरकी. ढकलली होती तेव्हा यापेक्षा सरळ लागली होती, हे बाईंनाही दिसलं असावं. पण त्यांनी मुकाट्याने सही केली.

बायको व्हॅनपाशी उभी होती. तिने कागद दोनदा वाचला. “मला नव्हतं वाटलं,” ती म्हणाली. तिला फार आनंद झाला होता, आणि तो दिसू नये म्हणून तिने काच पुसायला घेतली. मग मास्तरांना ट्रॅकच्या गेटवर सोडून ती शाळेकडे गेली.

मास्तर तडक मॅनेजरच्या खोलीत शिरले आणि कागद टेबलावर ठेवला.

“अरेच्चा,” मॅनेजर म्हणाला. “तुम्हाला कुणी बोललं नाही का? कंपनीने मागच्याच आठवड्यात नियम बदलला. आता फक्त स्टिअरिंगवर बसणाऱ्याचं लायसन्स लागतं. तुम्ही शिक्षक मंडळी शेजारी बसता, म्हणजे कागदोपत्री सहप्रवासी. सुटलात तुम्ही.”

मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. नोकरी वाचली होती, ती तर कागदाशिवायच वाचली होती. पण बावीस वर्षं या ट्रॅकवर आपण नुसते बसून फिरलो, असं कुणीतरी तोंडावर सांगितल्यासारखं त्यांना लागलं.

“राहू द्या. फाइलला लावा,” ते म्हणाले.

“गरज नाही हो, मास्तर.”

“विम्याला नसेल. मला आहे.”

मॅनेजरने उठून कपाटातून चालकांची फाइल काढली, कागदाला भोकं पाडली आणि पेनाचं टोपण उघडलं.

“इथे नावापुढे हुद्दा लागतो. काय लिहू? मुख्य शिक्षक?”

“नको,” मास्तर म्हणाले. “ड्रायव्हर लिहा.”