दाजींच्या गाडीतला पिवळा दिवा

दाजी गेले त्याला आता पाच महिने होतील. माणसं अजून भेटायला येतात. कळसाडीच्या घराच्या ओट्यावर बसतात, चहा घेतात, आणि थोड्या वेळानं कुणीतरी ती गोष्ट काढतंच. तोरणमाळच्या घाटात शालकानं गाडीचं पुस्तक वाचून दाखवलं आणि दाजींची लेक सुखरूप खाली आली, ही ती गोष्ट. शालक म्हणजे मी. ही गोष्ट दाजींनीच गावभर केली होती आणि ती खोटी नाही. फक्त तिच्यातले आठ दिवस त्यांनी गाळले होते. ते माझ्यासाठी गाळले होते, म्हणून मी ते इथे लिहून ठेवतो आहे.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. वडील गेल्यावर अकरावीसाठी मी त्यांच्याकडे आलो आणि सात वर्षं राहिलो. ते स्वतः नववीत शाळेतून उठलेले. खताच्या गोण्या ठेवायच्या खोलीत त्यांनी माझ्यासाठी एक टेबल टाकलं. माझी परीक्षा असली की गुरांच्या चाऱ्याचं कुट्टीयंत्र मी कॉलेजला गेल्याशिवाय लागत नसे. गडी कुरकुरायचे. दाजी म्हणायचे, मास्तर वाचतोय, म्हशी थांबतील. मी मास्तर होण्याच्या कितीतरी आधीपासून ते मला मास्तर म्हणत. पुढे मी शहाद्याच्या शाळेत लागलो, शेवटची वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. पण त्यांच्यासमोर मी नेहमी त्या गोण्यांच्या खोलीतलाच मुलगा राहिलो. त्यांना काही शिकवावं, असं माझ्या मनात कधी आलं नाही.

गाडी आली ती सहा वर्षांपूर्वी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. सुरतेच्या एका कापड व्यापाऱ्यानं काही वर्षं वापरलेली, परदेशी बनावटीची, करड्या रंगाची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. इंजिन भलतं ताकदवान आणि ती सगळी ताकद मागच्या चाकांवर. पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटायची. केळी आणि उसाच्या गावात अशी गाडी कशाला, असं ताईनं विचारलं. दाजींना यंत्राची ओढ होती, दुसरं कारण नव्हतं. चप्पल बाहेर काढून ते गाडीत बसत. गावातल्या गतिरोधकांवरून ती इतकी तिरकी नेत की पोरं बघायला उभी राहत.

समोरच्या कप्प्यात इंग्रजीतलं जाड माहितीपुस्तक होतं. प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी फाडलेली नव्हती. दाजींनी ते माझ्या हातात दिलं. "गाडी मन्ही, पुस्तक तुन्हं," ते म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात शेताच्या वळणावर पाटाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. तिथून गाडी काढताना समोर वेगाच्या काट्यांच्या मधे एक पिवळा त्रिकोण लुकलुकला आणि विझला. दाजी काळजीत पडले. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला पॅनल आहे, त्यावर तीन दिवे. दिवे स्थिर लागले तर तिन्ही फेज बरोबर, मोटार खुशाल चालू करा. दिवा लुकलुकला तर वीज कमजोर, मोटार जळणार. आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला हे झोपेतही कळतं. दाजींनी गिअरशेजारची बटणं चाचपली. एक बटण दाबल्यावर तो त्रिकोण न लुकलुकता लख्ख लागून राहिला. त्यांचं समाधान झालं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दिवा गेलेला असायचा. मग ते रोज गाडीत बसले की आधी ते बटण दाबत, दिव्याला हात जोडत आणि निघत.

पुस्तकातल्या त्या भागापर्यंत पोचायला मला श्रावण लागला. ग्रंथालयात दुपारी मुलं नसताना मी रोज थोडं वाचत असे. तिथे लिहिलं होतं की ओल्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरू लागलं, की गाडी ते आपणहून ओळखते, इंजिनाचा जोर कमी करते, चाकाला हलका ब्रेक लावते. हे काम चालू असताना दिवा लुकलुकतो. आणि दिवा एकसारखा लागलेला असेल, तर ही सोय चालकानं बटण दाबून बंद केलेली आहे. चिखलात किंवा वाळूत गाडी रुतली, की बाहेर काढण्यापुरतीच ती बंद करावी. एरवी नाही.

मी ते पान तीनदा वाचलं. दाजी तीन महिने रोज सकाळी हात जोडून ती सोय बंद करत होते.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. संध्याकाळी फोन केला तर ते लेकीबद्दल बोलत राहिले. माझी भाची तोरणमाळकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका होती. तिला सातवा महिना होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचं ठरत होतं. मी फोन ठेवला. रविवारी कळसाडीला गेलो तर खापर गावचे दोन पाहुणे गाडी बघायला आलेले. दाजी त्यांना सांगत होते, "हाऊ दिवा लागना म्हंजे गाडी घसरस नही." मी धीर करून म्हटलं, दाजी, त्या दिव्याचं पुस्तकात जरा वेगळं लिहिलंय. ते माझ्याकडे वळून हसले. "तुले सायकलबी धड येस नही, मास्तर." पाहुणे हसले. मीही हसलो. जेवायला बसल्यावर विषय गेला तो गेलाच. सपाटीचा सरळ रस्ता आहे, इथे काय होणार, असं मी स्वतःला समजावलं. माणूस शिकला की स्वतःला समजावण्याची कारणं त्याला लवकर सापडतात.

आठव्या दिवशी आम्ही तोरणमाळला निघालो. घरची जीप फार हादरते, लेकीला त्रास नको, म्हणून दाजींनी हीच गाडी काढली. ताई मागे, मांडीवर सांज्याचा डबा. मी पुढे, कारण दाजींनी बस म्हटलं. त्यांनी बटण दाबलं, हात जोडले. म्हसावद मागे पडलं तरी मी गप्प. जाताना लेक गाडीत नाही, वर पोचल्यावर सांगू, असा हिशेब मी मनात केला होता. पुस्तक माझ्या कापडी पिशवीत होतं.

घाटात वरच्या एका वळणावर डोंगरातली लाल माती रस्त्यावर वाहून आली होती. चढ म्हणून दाजींनी पाय थोडा जास्त दाबला. मागची चाकं गरगरली आणि गाडीचा मागचा भाग दरीच्या बाजूला सरकत गेला. ताईच्या मांडीवरचा डबा पडल्याचा आवाज आला. दाजींनी पाय उचलला. गाडी रस्त्यावर आडवी थांबली. मागचं चाक कठड्यापासून हातभर लांब होतं.

दाजी समोर बघत स्वतःशीच बोलले, "दिवा तं लागेल व्हता."

मी म्हटलं, "दिवा लागेल व्हता म्हनीसनच घसरनी, दाजी."

त्यांनी गाडी हळूच सरळ केली, वळणापुढे रुंद जागी लावली आणि मला घेऊन बाहेर आले. ताई काचा लावून आतच बसली, सांडलेला सांजा गोळा करत. दाजी कठड्याजवळ उकिडवे बसले. वाच, म्हणाले. मी एकेक इंग्रजी वाक्य वाचून अहिराणीत सांगितलं. ते शाळेतल्या मुलासारखं खाली बघून ऐकत होते.

"म्हंजे मी तीन महिना उलटंच करी ऱ्हायंतू."

मी मान हलवली.

"तुले कवय समजनं?"

"आठ दिन झायात."

ते गाडीकडे बघत राहिले. काचेआड ताईचं वाकलेलं डोकं दिसत होतं. "आठ दिन," ते म्हणाले. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "चाल. पोर वाट देखी ऱ्हायनी व्हई."

आश्रमशाळेत पोचल्यावर ताई आत गेली. दाजींनी मला मैदानावर नेलं. मैदान रिकामं आणि ओलं होतं. पुस्तकावर त्यांचा विश्वास बसला होता, पण पायाला कळल्याशिवाय त्यांना यंत्र कळत नसे. आधी बटण दाबून त्यांनी जोर दिला. गाडीचा मागचा भाग लगेच फिरला आणि चिखलाचा फवारा शाळेच्या झेंड्याच्या ओट्यापर्यंत गेला. मग बटण न दाबता तितकाच जोर दिला. इंजिनाचा आवाज दबला, दिवा लुकलुकला आणि गाडी नाकासमोर निघाली. त्यांनी हे चार-पाच वेळा केलं. शेवटी म्हणाले, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतंय. झेंड्याच्या ओट्यावरचा चिखल आम्ही दोघांनी बादलीभर पाण्यानं धुऊन काढला.

उतरताना भाची मागे उशा लावून बसली होती. दाजींनी बटणाला हात लावला नाही. मातीच्या वळणावर उतार होता म्हणून त्यांनी गाडी अगदी पावलापावलानं नेली. खाली एका ओढ्याशी पुन्हा थोडा चढ आला, तिथे दिवा लुकलुकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काम करी ऱ्हायनं," मी म्हटलं. भाचीनं विचारलं, तुम्ही दोघं काय कुजबुजताय. दाजी म्हणाले, मामा पुस्तक वाचतोय. दिवेलागणीच्या आत आम्ही कळसाडीला आलो. पुढे भाचीला मुलगी झाली. ती आता पहिलीत जाते.

त्यानंतर दाजी ही गोष्ट सांगत सुटले. स्वतःला नववी नापास म्हणायचे, दिव्याला हात कसे जोडायचे ते करून दाखवायचे, लोकांना पोट धरून हसवायचे. शेवटी माझ्याकडे बोट करून सांगायचे की मन्ही पोर ह्यानी वाचाडी. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता आठ दिवस येतील. ते कधी आले नाहीत. एकदा केळीच्या बांधावर आम्ही दोघंच असताना मी माफी मागू लागलो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "तू सांगाले लागना व्हता," ते म्हणाले, "मीच हसनू." आणि केळीच्या घडाचा दांडा तपासायला पुढे गेले.

मी काही सांगू लागलो की हसणं मात्र त्यांनी तेव्हापासून सोडलं. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर असो की नव्या पंपाचा कागद, मी वाचेपर्यंत काम सुरू होत नसे. मी अडखळलो तर ते थांबत. इतकी वर्षं सोबत राहून मला त्यांच्याशी बोलता येत नव्हतं, ते त्यानंतर येऊ लागलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचं दुखणं निघालं. सुरतेहून तपासणीचे कागद आले, ते त्यांनी माझ्याकडे दिले. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "जे शे ते सांग. आठ दिन थांबू नको."

त्या शब्दांचा उच्चार त्यांनी घाटानंतर तेवढाच एकदा केला. मी कागद वाचले आणि तिथेच, बसल्या जागी, जे होतं ते सांगितलं. ते ऐकताना त्यांनी माझा हात धरला होता. दोन महिने मिळाले. त्या दोन महिन्यांत त्यांनी बांधाच्या वाटणीचा वाद मिटवला, नातीला ट्रॅक्टरवर बसवून शेतभर फिरवलं, आणि गाडी लेकीच्या नावावर केली. मी त्या दिवशी गप्प बसलो असतो तर यातलं किती राहून गेलं असतं, कोण जाणे. बोलायची ही हिंमत मला त्यांनीच दिली होती, मला एकदाही न लाजवता.

गाडी आता भाची चालवते. गेल्या रविवारी ती मला शहाद्याहून घ्यायला आली तेव्हा वाटेत मी तिला ते आठ दिवस सांगितले. प्रकाशा गावाच्या बाजूनं ढग येत होते, ती रस्त्याकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, तुम्हाले माहीत व्हतं तं तुम्ही गाडीमा बठनात कसाले?"

दाजींनी बस म्हटलं म्हणून बसलो, एवढंच खरं होतं. तिला ते बहुधा कळलं, कारण तिनं गिअरवरचा हात उचलून क्षणभर माझ्या हातावर ठेवला. घर आल्यावर गाडी बंद करून ती म्हणाली, "आईबी व्हती ना मांगे. तिले मी नही सांगाव. तुम्हीच सांगा."

ताई ओट्यावर तूर निवडत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. तिनं ताट माझ्याकडेही थोडं सरकवलं. मी दोन-चार खडे वेचले आणि सांगायला सुरुवात केली.