मुंजाजीची परत केलेली कुस्ती

राणीसावरगावचा मुंजाजी बोलायला मऊ. म्हशीलासुद्धा "चल माय" म्हणायचा. आखाड्याच्या लाल मातीत उतरला की मात्र तो वेगळाच होई. मार खाऊन दोन्ही कान पुरीसारखे फुगले होते. आई धुरपताबाई त्यांवर हळद लावायची आणि लावता लावता शिव्या द्यायची. चौऱ्याऐंशी सालच्या जत्रेआधी तिनं त्याला धरलंच.

"औंदा हारलास तर कुस्ती बंद. माझ्या गळ्याची आन हाय."

मुंजाजीनं तिच्या गळ्याला हात लावून कबूल केलं. पण त्या रात्री तो जेवला नाही.

जत्रेतली शेवटची कुस्ती पाथरीच्या तात्यारावशी लागली. पहिल्याच धडकेत मुंजाजीची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं मूठभर माती जखमेत दाबली आणि पुन्हा भिडला. तात्यारावनं त्याला खाली घेतलं, मानेवर गुडघा रोवला, तोंड मातीत दाबलं. दात ओठात घुसले, श्वास कोंडला.

"मोड मान त्याची!" पाथरीकर ओरडायले.

मुंजाजीनं खालूनच तात्यारावची मांडी कवळली, सगळा जोर लावून उलथला आणि त्याला आपटलं. हलगी कडाडली. पंच किशनरावांनी शिट्टी फुंकली. पोरांनी मुंजाजीला उचललं, गुलाल उधळला.

गप बसला असता तर त्याची कुस्ती वाचत होती. पण तो वरूनच ओरडला, "खाली सोडा! एकच खांदा टेकलाय त्याचा!"

"गप रे," किशनराव म्हणाले. "आमाला डोळे न्हाईत का?"

"तुमी लांब होता, काका. मी त्याच्या अंगावर होतो."

तात्याराव मातीतून उठला. "येडा हाईस का बे? जिंकलेली कुस्ती परत करायलास?"

"ये, लाग."

तात्यारावनं दया दाखवली नाही. मुंजाजीचा हात पाठीमागं पिळला. खांदा निखळल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला. मुंजाजी एका हातानं झुंजला, तोंडातलं रक्त थुंकत झुंजला, आणि शेवटी पाठीवर पडला. दोन्ही खांदे टेकले.

तिसऱ्या दिवशी तात्याराव सुजलेला डोळा घेऊन मुंजाजीच्या घरी आला. ओसरीवर बसला.

"माय, आन सोडवा त्याची. हात बरा होईल. असा जोड मला पुन्हा कुठं मिळायचा?"

आन जिनं घातली तिनंच सोडवायची. मुंजाजी आईकडं बघत राहिला.

"तो गप बसला असता तर मला कळलं असतं का रे?" धुरपताबाईनं विचारलं.

"न्हाई, माय."

"तरी बोलला. हात मोडून घेतला, पण खोटं घरी आणलं न्हाई. आता मी आन सोडवली, तर त्यानं हात कशापायी मोडून घेतला?"

तात्यारावनं चहा संपवला. गळ्यात हात बांधलेला मुंजाजी त्याला एस.टी.पर्यंत सोडायला गेला, आणि वाटभर त्याला विचारत राहिला, "तो हात नेमका कसा पिळला होतास?"