मामाच्या आधी कापलेली बट

शिवाजी पेठेतल्या ऋताला ओळखत नाही असा माणूस कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही, असं निदान तिच्या प्रोफाइलवर लिहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसायची. मग तिने पुण्यात जाऊन इव्हेंट प्लॅनिंगचं, म्हणजे लग्नकार्यं आखून देण्याचं, एक दिवसाचं शिबिर केलं. तिथल्या सुटाबुटातल्या सरांनी सांगितलं, की लोक कार्यक्रम विकत घेत नाहीत, माणूस विकत घेतात; तेव्हा आधी स्वतःचा ब्रँड करा आणि रोज काहीतरी टाका. ऋताने हे इतकं मनावर घेतलं, की पुढे तिच्या कुठल्याही लग्नाच्या व्हिडिओत नवरी दिसलीच तर मागच्या रांगेत दिसायची. निवृत्त मुख्याध्यापक असलेले तिचे वडील एकदा चष्मा पुसत म्हणाले, “छान आहे गं. पण लग्न कुणाचं होतं?” तिने त्यांना ब्लॉक केलं नाही, एवढे संस्कार शिल्लक होते.

काम मात्र ती जीव ओतून करायची, हे मान्य करायला हवं. फुलं स्वतः निवडायची, पंगतीत मीठ कमी पडलं तर स्वतः धावायची. पण ते कुणी शूट करत नव्हतं, त्यामुळे तिच्या लेखी ते घडलेलंच नसायचं.

असं सगळं झकास चालू असताना उचगावच्या प्रियदर्शनीताईंचं काम आलं. त्यांच्या दीड वर्षाच्या राजवीरचं जावळ होतं. आता जावळ म्हणजे काय, हे पेठेत वाढलेल्या मुलीला सांगायची गरज नव्हती. बाळ मामाच्या मांडीवर बसतं, पहिली बट मामा कापतो, मग सलूनवाले काका उरलेलं डोकं करतात, आणि नंतर दुपारभर गाव मटण जेवतं. पण ऋताने त्याला ‘माय फर्स्ट हेअरकट’ असं नाव दिलं आणि फिकट निळ्या रंगाची थीम ठरवली. बोकडांना थीममध्ये बसवता येईना, म्हणून त्यांना मागच्या परड्यात बांधायला लावलं.

प्रियदर्शनीताईंना थीमशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. त्यांचा एकुलता एक भाऊ सयाजी, इचलकरंजीचा, तीन वर्षं त्यांच्या उंबऱ्याला शिवला नव्हता. वास्तुशांतीच्या डिजिटल बोर्डावर दिराच्या मित्रांचे, मित्रांच्या मित्रांचे, अगदी वाढदिवसाला केक आणणाऱ्यांचेही फोटो होते आणि सयाजीचा राहून गेला होता. एवढ्या कारणावरून कोल्हापूर जिल्ह्यात माणसं जन्मभर बोलत नाहीत. तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. पण भाच्याचं जावळ म्हटल्यावर तो विरघळला होता, येतो म्हणाला होता.

“मॅडम, बाकी काय बी करा,” प्रियदर्शनीताईंनी ऋताला बजावलं होतं, “पर दादाचा मान तेवढा सांभाळा. मुहूर्त-बिहूर्त काय न्हाय. दादा येईल त्यो मुहूर्त.”

“ताई, तुम्ही निर्धास्त राहा,” ऋता म्हणाली. हे वाक्य ती त्याच शिबिरात शिकली होती.

त्या दिवशी सकाळी नऊला सयाजीचा फोन आला, की शिरोलीजवळ ट्रक आडवा झालाय, तासभर लागेल. प्रियदर्शनीताई म्हणाल्या, लागू दे. त्या जेवणाचं बघायला मागं गेल्या. ऋताने आकाशाकडे पाहिलं. अजून अर्ध्या तासाने ऊन चढणार आणि सगळ्यांचे चेहरे तव्यासारखे चमकणार. बाळ नुकतं झोपून उठलं होतं, हसत होतं, निळ्या झबल्यात दृष्ट लागेल असं दिसत होतं. ती स्वतःशीच म्हणाली, नुसती एक छोटी बट. मामांचा खरा विधी नंतर होईलच की. कुणाला कळतंय?

तिने राजवीरला मांडीवर घेतलं, रिबीन बांधलेल्या कात्रीने कानामागची बट कापली, कॅमेऱ्याकडे बघून गोड हसली आणि कुणाला कळू नये म्हणून ती चित्रफीत लगेच एकवीस हजार लोकांना दाखवली.

त्या एकवीस हजारांत शिरोलीच्या गर्दीत गाडीत बसून कंटाळलेली सयाजीची बायको होती.

सयाजी पोचला तेव्हा डोक्याला कोल्हापुरी फेटा होता, हातात भाच्यासाठी चांदीची वाटी आणि मागच्या सीटवर कपड्यांची पिशवी. त्याने सगळं फाटकाशी ठेवलं. आत पाऊल टाकलं नाही.

“ताई!” तो ओरडला तेव्हा आचाऱ्यांनी सुद्धा झारे थांबवले. “बोर्डावर माझा फोटू न्हवता, त्ये गिळलं म्या. आता पोराचं जावळबी मोबाईलवाल्या बाईनंच काढलं. मग मामा कशाला पायजे? जेवायला?”

प्रियदर्शनीताई हात पुसत धावत आल्या. “दादा, मला ठावं न्हाय रं, शप्पथ!” तोवर गाडी वळली होती. त्या फाटकाचा गज धरून तिथेच खाली बसल्या. शेवटी राजवीर आजोबांच्या मांडीवर बसला आणि सलूनवाल्या काकांनी मुकाट्याने डोकं केलं.

ऋताला वाईट वाटलं. खरंच वाटलं, रात्री जेवण गेलं नाही. पण मामांच्या आगमनासाठी फाटकासमोर तिपाईवर लावलेला मोबाईल चालूच राहिला होता आणि त्यात सगळं आलं होतं. सर म्हणायचे, लोकांना खरेपणा आवडतो. दिवसाची पोस्टही बाकी होती. ‘इव्हेंट प्लॅनरच्या आयुष्यातला एक अवघड दिवस’ असं लिहून तिने तो खरेपणा पोस्ट केला.

आठवड्यात साडेनऊ लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. ‘मग मामा कशाला पायजे? जेवायला?’ हे पोरं नाक्यानाक्यावर म्हणू लागली. इचलकरंजीत सयाजी चहाच्या टपरीवर गेला, की कोणीतरी विचारायचं, “काय मामा, जेवला का?” इकडे ऋताला सांगली-साताऱ्यातून फोन येऊ लागले आणि एका फेटेवाल्याने जाहिरातही देऊ केली.

दिवाळीच्या आधी प्रियदर्शनीताईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऋता जास्त अवघडली. “मॅडम, तेवढं काढून टाका की. भाऊबीजेला दादाला बोलवायचं हाय. लोक चिडवत्यात म्हणून त्यो माझं नाव काढू देत न्हाय.”

“ताई, मला कळतंय तुमचं,” ऋता म्हणाली. “फक्त दिवाळी होऊ दे. सणात लोक जास्त बघतात.”

पलीकडून फोन ठेवला गेला.

भाऊबीजेच्या दुपारी ऋताने धाकट्या भावाला ओवाळलं, तेही तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, “ताई, मी नुसता बसू का तुझ्यासमोर?” तिने ताट खाली ठेवलं आणि मोबाईल हातात घेतला. तिथेच बसून सयाजीमामांचा तो व्हिडिओ काढून टाकला. मग तपासलं, तर तोच व्हिडिओ दुसऱ्या चौदा पानांवर होता, कुणी गाणं लावून, कुणी हसणारी तोंडं चिकटवून. एकावरही तिचं नाव नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचं काही वाटलं नाही. तिने स्कूटर काढली आणि उचगाव गाठलं.

दिवेलागण होत होती. स्कूटर फाटकाशी थांबल्याचा आवाज झाला आणि आतून कोणीतरी पळत आलं. प्रियदर्शनीताई होत्या. नवी साडी, हातात ताट, निरांजन लावलेलं. त्यांनी ऋताला पाहिलं, तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

“तुम्ही व्हय,” त्या म्हणाल्या.

“ताई, मी काढून टाकला तो व्हिडिओ. मी दादांची माफी मागते, आत्ता जाऊन…”

“ऱ्हाऊ दे. वारं लागतंय, ज्योत इझंल.” त्यांनी पदर आडवा धरला, अंगणाच्या कडेला गेल्या आणि पश्चिमेला दिसू लागलेल्या बारीक चंद्रकोरीला ओवाळू लागल्या.

ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते. प्रियदर्शनीताईंना भाऊ होता, इचलकरंजीत, पाऊण तासाच्या अंतरावर.