येडबाची फौज

पालमजवळच्या एका वाडीवर येडबा नावाचा मेंढपाळ राहतो. वय साठीला टेकलेलं, शाळा चौथीपर्यंत आणि नाद इतिहासाच्या पुस्तकांचा. मेंढरं माळावर पांगली की बाभळीखाली बसून तो मोठ्यानं वाचतो. मनातल्या मनात वाचलेलं त्याला पटत नाही. मोठ्यानं वाचलेलंही सगळं पटतं असं नाही. एका पुस्तकात वीस हजार घोडी एका ओढ्यावर पाणी पिऊन तासाभरात पुढं गेली होती. येडबानं आपली सव्वाशे मेंढरं ओढ्यावर नेऊन घड्याळ लावलं आणि त्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिलं, ‘वीस हजाराला तिसरा दिवस उजाडंल.’ पुस्तक वाचनालयाचं होतं.

दोन वर्षांमागं दिवाळीनंतर तो नेहमीसारखा मेंढरं घेऊन मानवतकडं चारणीला गेला. बरोबर बायको भागुबाई, सामान वाहणारं घोडं आणि मुखपृष्ठ फाटलेलं एक पुस्तक. परतायच्या आदल्या दिवशी त्यात वाचलं, की कोणा सरदाराची तीस हजारांची फौज पहाटे मानवतहून निघाली आणि दिवेलागणीला पालमात पोचली.

येडबानं ती ओळ तीनदा वाचली.

“भागू, आपल्याला किती दिवस लागतेत?”

“आठ.”

“फौजेला एक लागला.”

“त्यांच्यासंगं कोकरं नसतील.”

“हत्ती हुते.”

“मग हत्ती बघा कुठं मिळतेत का. मी भाकरी करायलेय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे फौज निघाली. पुढं येडबा, मधी मेंढरं, मागं घोड्यावर भागुबाई. दहा वाजेपर्यंत चाल बरी होती. मग आबासाहेब नावाचे एक शेतकरी बांधावर आडवे आले.

“कुठं निघाली मेंढरं?”

“फौज हाय. आज पालम गाठायचंय.”

आबासाहेबांनी फौज नीट बघून घेतली. “असंना का फौज. माझ्या रिकाम्या वावरात दोन दिस बसवा. लेंडीखत होतंय. दोन पायल्या जवारी देतो.”

जवारीला नाही म्हणणं भागुबाईला जमलं नाही. पुढच्या गावातही तेच, त्याच्या पुढच्या गावातही तेच. पुस्तकातल्या फौजा आल्या की गावं पळून जात. ही फौज दिसली की गावं तिला धरून ठेवत. येडबा रोज संध्याकाळी त्याच पानाच्या कडेला नोंद करी. ‘दिवस पहिला. अडीच कोस. दिवस चौथा. एक व्याली. दिवस सहावा. दोघी लंगडायल्या. दिवस नववा. गंगेच्या, म्हंजी गोदावरीच्या, पुलावर ट्रकवाल्यानं वाट दिली न्हाई. दिवस अकरावा. पालम.’

पुस्तक वाचनालयात परत गेलं. चार महिन्यांनी, वाचनालयाच्या नोंदवहीत येडबाचं नाव बघून, सिद्धोधन सर मोटारसायकलवरून वाडीवर आले. ते कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि त्याच स्वारीवर प्रबंध लिहीत होते. वाचनालयातून आणलेलं पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

“बाबा, या नोंदी तुमच्या घराण्यात तोंडी चालत आल्या असणार. तुमचा पूर्वज त्या फौजेत होता.”

“न्हाई सर. ही आमची मेंढरं हायत.”

“‘दिवस चौथा, एक व्याली.’ फौजेबरोबर बायका होत्या, याचा हा पहिला पुरावा आहे.”

“आवो सर,” भागुबाई म्हणाली, “ती व्यालेली मेंढी तुमच्या मागंच उभी हाय.”

सरांनी वळून बघितलं. मेंढी त्यांच्या पिशवीचा बंद चघळत होती. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

“आणि ट्रक?” येडबानं विचारलं. “त्या टायमाला ट्रक हुता का?”

“तो शब्द मागाहून घुसलेला आहे. अशा नोंदींत असं होतं.” सर मायेनं म्हणाले, “तुम्ही साधी माणसं. तुमच्याजवळ काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.”

सर फोटो काढून गेले. येडबाला दोन दिवस जेवण गोड लागेना. आपण खोटं बोललो नाही, तरी खोटं झालंच, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

“तो सरदारबी असाच कुणाच्या तरी मेंढरांवरून झाला असंल,” तो भागुबाईला म्हणाला. मग त्यानं सरांना फोन लावला. “सर, यंदा संगं चला. तुमच्या डोळ्यानं मोजा.”

त्या वर्षी परतीच्या वेळी सर मानवतला आले. नवे बूट, गळ्यात पाण्याची बाटली, हातात वही. दुपारपर्यंत ते फौजेच्या पुढं होते, नंतर मधी, चार वाजता मागं घोड्याजवळ. त्यांची लंगडी चाल बघून भागुबाई खाली उतरली आणि तिनं सरांना घोड्यावर बसवलं. मुक्कामाच्या वावराचा मालक म्हणाला, “हे पावणे कोण?”

“इतिहासाचे सर हायत,” येडबा म्हणाला. “पायी आलेत.”

मालकानं बाज आणून टाकली. सरांनी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडले, वहीत लिहिलं, ‘दिवस पहिला. अडीच कोस,’ आणि बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसले.

“बाबा, तुमच्या घराण्यातलं नव्हतंच ते,” ते म्हणाले.

“न्हाई.”

“माझी चार प्रकरणं गेली.”

येडबाला वाईट वाटलं. सरांचं मन रमावं म्हणून त्यानं पिशवीतून यंदाचं पुस्तक काढलं आणि उजेड होता तोवर मोठ्यानं वाचू लागला. त्यात एक फौज पैठणहून निघून अकराव्या दिवशी दिल्लीला पोचली होती. येडबा थांबला. सर घमेल्यातून पाय न काढता पुढं वाकले.

“कितव्या दिवशी?”

“अकराव्या.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

“मी येत न्हाई,” चुलीपासून भागुबाई म्हणाली. “आत्ताच सांगून ठिवते.”