गाळलेलं वाक्य

सकाळच्या शाळेतून आलेय, युनिफॉर्मही न बदलता कूलरसमोर फरशीवर पडलेय. डोळे मिटतायत, पण तोंड चालूच. उद्याचं भाषण! विषय : पृथ्वी का तापतेय? गेल्या वर्षी मी भाषण अर्धवट सोडून स्टेजवरून उतरले होते; आता माईक हातात आला की मी सोडत नाही. फक्त एक वाक्य आईनं गाळायला लावलंय.

कूलरच्या वाळ्याचा वास येतोय, आणि त्यात कोळशाचा. बाबा शेजारी उकिडवे बसलेत. वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काम करणारे, गेल्या मे महिन्यात ऊन लागून गेलेले माझे बाबा. डोक्याला ओला दुपट्टा.

"म्हण नं भाषण. मले कुठं घाई आहे?"

उभी राहते तर पायाखाली फरशी नाही, कोळशाचा ढीग आहे. ढिगावर शाळेचा माईक. मी सुरू करते. सूर्य कधी जास्त तळपतो, कधी कमी. ज्वालामुखीची राख आभाळभर पसरली की पृथ्वी थोडी निवतेसुद्धा. हे आधीपासून चालत आलंय. बाबा खूश. म्हणतात, पाह्य, सूर्यच बदमाश, तुझ्या आईले मी सांगतच होतो.

मी माईक खाली करते.

"काहून थांबली?"

"पुढचं तुमच्या कामाबद्दल आहे, बाबा."

पट्टा सुरू होतो. आमच्या स्वयंपाकघरातून, बाबांच्या पलंगाखालून कोळसा वाहत जातो. मी हळूच सांगते की आताची वाढ सूर्यामुळे नाही. आपण कोळसा, तेल जाळतो, त्याचा वायू पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो.

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत राहतात.

"म्हणजे त्या उन्हात थोडं माह्या हातचंही होतं."

"मी गाळते ते."

"गाळू नको. पण हेही सांग, तुमच्या शाळेतले पंखे त्यानंच फिरतात."

मग ते खिशातून कांदा काढून माझ्या खिशात घालतात. ऊन लागू नये म्हणून रोज घालायचे, तसा. त्या दिवशी त्यांच्याही खिशात होताच. त्यानंतर आमच्या घरात कुणी खिशात कांदा ठेवत नाही.

"तुम्ही ठेवा, बाबा."

"मले आता कुठलं ऊन?"

जाग येते. लाइट गेलेत, कूलर बंद आहे. आई दाराशी भाजी निवडतेय. मी पडल्यापडल्याच ते वाक्य मोठ्यानं म्हणते, पंख्यांसकट. आईचे हात थांबतात. ती नको म्हणत नाही.

मी खिशात हात घालते. कांदा नाही. बोटांना चिकटून एक पापुद्रा बाहेर येतो, कडेला काळा.