भाऊजींची बिनधुळीची खोली

तिरोड्यात राहून धुळीशी उघड वैर धरणारा माणूस अख्ख्या मुलखात एकच निपजला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता, हे मी आजही छाती काढून सांगतो. घराला लागूनच धानाची गिरणी. सकाळी तिचा पट्टा फिरू लागला की कोंडा उडायचा आणि अंगणातल्या तुळशीपासून ताटातल्या भातापर्यंत सगळ्यांना सारखा वाटला जायचा. अशा ठिकाणी भाऊजींनी नागपूरहून रंग फवारायची बंदूक आणि तिचा पायाने दाबायचा पंप आणला, आणि घरातल्या एका खोलीत यापुढे धुळीचा कण शिरणार नाही, असं जाहीर केलं.

कारणही तसंच होतं. ताई मास्तरीण झाली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला चार मैलांवरच्या शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि त्यासाठी भाऊजींनी एक जुनी सायकल पैदा केली होती. सून नोकरी करणार, तीही सायकलवर जाऊन, हे ऐकल्यापासून भाऊजींच्या आईने ताईशी बोलणं टाकलं होतं. "लोक हासतीन," एवढंच त्या म्हणाल्या. भाऊजींचं म्हणणं, सायकल अशी झळकली पाहिजे की हसणाऱ्याचं तोंडच मिटावं. बायकोचा एवढा अभिमान बाळगणारा नवरा त्या काळी मी दुसरा पाहिला नाही.

भाऊबीजेला गेलो तो मी थेट कामालाच जुंपला गेलो. धानाची कोठी बाहेर काढून भाऊजींनी खोलीच्या भिंतींना भाताच्या पेजेने वर्तमानपत्रं चिकटवली होती, कौलांखाली धोतरं ताणली होती, दाराला ताईचं ओलं लुगडं लावलं होतं. आत जायचं तर आंघोळ करून, ओल्या पंच्याने. आयुष्यात देवापुढे कधी सोवळं न नेसलेला हा माणूस रंगापुढे मात्र पक्का भटजी झाला होता. मी नुसतं डोकं आत घातलं तर ओरडले, "केस झटकले काय? मंग आत कायले येऊन राहिला?" एक माशी शिरली, तिला हुसकण्यात आमची अख्खी दुपार गेली. मारायची सोय नव्हती, मेली तर तिचे पंख गळतील!

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मी पंप दाबला आणि भाऊजींनी श्वास रोखून रंग मारला. तिसरा हात बसला तेव्हा हिरव्या मडगार्डात मला माझं नाक स्वच्छ दिसलं. "आता चार घंटे इकडे कोनी फिरकू नोका," असं बजावून ते विहिरीवर हात धुवायला गेले. मीही मागोमाग गेलो.

परतलो तर दारातलं लुगडं बाजूला सारलेलं, आणि आत भाऊजींच्या आई पूजेचं ताट घेऊन उभ्या. ओल्या मडगार्डावर हळदकुंकवाची बोटं उमटली होती आणि वरून मूठभर अक्षता. एकेक तांदूळ ऐटीत चिकटून बसला होता. मी डोळेच मिटून घेतले.

"सूनबाईची गाडी निंगून राहिली," त्या म्हणाल्या, "अन् पूजा कायले नाही?"

मागे ताई येऊन उभी होती. कित्येक दिवसांनी सासूने तिला सूनबाई म्हटलं होतं. तिने तोंडाला पदर लावला. भाऊजींनी वाकून मडगार्ड निरखलं. घासून पुन्हा एक हात मारू, असं मी हळूच सुचवलं.

"घासाचं नाही," ते म्हणाले. "मायनं हात लावला न."

शाळेच्या पहिल्या दिवशी ताई गावाबाहेर पडेपर्यंत भाऊजींच्या आई सायकलच्या मागे चालल्या, आणि भेटेल त्याला सांगत होत्या, "आमची सून हाय."

आता आई नाहीत, भाऊजीही नाहीत. कुठे नवीकोरी, झगझगीत सायकल दिसली की मी थांबून तिच्यावरून हात फिरवतो. एवढा गुळगुळीत रंग मला जरा पोरकाच वाटतो.