हेजहॉगचं अभ्यंगस्नान
बायको वाटीत उटणं कालवायला लागली की मला तोक्योतली ती सकाळ आठवते आणि मान खाली जाते. पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. मी तिथं एका इंडियन हॉटेलात तंदूर सांभाळायचो आणि एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे खोली घेऊन राहायचो. तिचा सगळा जीव तिच्या हेजहॉगवर, म्हणजे मुठीएवढा काटेरी उंदीरच म्हणा. मला ती करी-सान म्हणायची, म्हणजे करीवाले साहेब. नरकचतुर्दशीला ती बाजारात जाताना म्हणाली, "करी-सान, याला आंघोळ घालाल? कोमट पाणी आणि टूथब्रश, दुसरं काही नको." मी कुठला ऐकतोय. सणाच्या दिवशी नुसतं पाणी कसं घालायचं म्हणून आईनं पाठवलेलं उटणं काट्याकाट्यात चोळलं. तर त्याच्या तोंडाला फेस आला, मान वाकडी करून ते आपल्याच पाठीवर थुंकायला लागलं. मला वाटलं फिट आली, आता मरतंय. आमच्या गावी फिट आली की चप्पल हुंगवतात. माझ्या चपला दाराबाहेर, म्हणून संडासातली स्लिपर धरली त्याच्या नाकाशी. त्यानं ती चाटली आणि दुप्पट फेस काढला. तेवढ्यात म्हातारी दारात. "घाबरू नका," ती म्हणाली, "नवा वास मिळाला की ते असा अंगाला लावून घेतं." मग तिला माझ्या हातातली स्लिपर दिसली. त्याला उचलून तिनं साध्या पाण्यानं पुन्हा धुतलं, बराच वेळ धुतलं. संध्याकाळी संडासात नव्या कोऱ्या स्लिपर होत्या, आणि ती कमरेत वाकून मलाच म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास दिला, माफ करा." त्यापेक्षा तिनं तीच स्लिपर मला हाणायला हवी होती. आता बायको हाक मारते, "या, पाठ चोळते," आणि मी म्हणतो, मला कोमट पाणी पुरे.